ला बाराका : माद्रिदच्या विद्यार्थ्यांनी खेड्यात नेलेले अभिजात नाटक

स्पेनमध्ये 14 एप्रिल 1931 रोजी दुसरे प्रजासत्ताक आले. त्याच वर्षाच्या अखेरीस माद्रिदमधल्या विद्यार्थी संघटनेत एक कल्पना निघाली : आपले स्वतःचे फिरते नाट्यपथक काढायचे आणि लोपे दे वेगा, काल्देरोन, सर्व्हान्तेस यांची नाटके खेड्यापाड्यांत करायची. फेदेरिको गार्सिया लोर्का तेव्हा 33 वर्षांचा होता आणि कवी म्हणून देशभर गाजत होता. त्याने ही कल्पना उचलून धरली आणि पथकाचे दिग्दर्शन स्वतःकडे घेतले. नाव ठरले ‘ला बाराका’, म्हणजे जत्रेत उभा करतात तो लाकडी फळ्यांचा खेळाचा मांडव.

लोर्का आपल्याकडे मुख्यतः ‘बेर्नार्दा आल्बाचे घर’चा नाटककार म्हणून माहीत आहे. गोविंद निहलानींचा ‘रुक्मावती की हवेली’ हा 1991चा चित्रपट त्याच नाटकावर बेतलेला. पण लोर्का नाटककार म्हणून जसा घडला, त्यात या विद्यार्थी पथकाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे. या पथकाच्या पहिल्या प्रयोगाला 2032 मध्ये शंभर वर्षे होतील. जुन्या नाटकाचे आजच्या रंगमंचावर काय करायचे, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हा इतिहास नीट सांगितला पाहिजे.

पथकाला सरकारी पाठबळ मिळाले ते फर्नांदो दे लोस रिओस यांच्यामुळे. ते ग्रानादा विद्यापीठात लोर्काचे प्राध्यापक होते आणि डिसेंबर 1931 मध्ये शिक्षणमंत्री झाले. त्यांनी विद्यार्थ्यांच्या या नाटकासाठी वर्षाला 1 लाख पेसेतांचे अनुदान मंजूर करून घेतले. कारभार विद्यार्थी संघटनेच्या समितीकडे राहिला. साहित्य-तत्त्वज्ञान शाखेच्या मुलांनी संहिता आणि अभिनय बघायचा, वास्तुकलेच्या मुलांनी रंगमंचाची बांधणी, अशी वाटणी होती. लोर्काच्या जोडीला सहदिग्दर्शक म्हणून एदुआर्दो उगार्ते होता. तो स्वतः नाटककार, हॉलीवूडमध्ये काम करून आलेला. तालमीत लोर्का रंगमंचावर आणि उगार्ते समोर प्रेक्षकांत, अशी त्यांची रीत होती. लोर्का सगळे बसवायचा, उगार्ते बघून चांगले-वाईट सांगायचा आणि लोर्का त्याचे ऐकायचा. तशी समोरची नजर पथकाला पहिल्यापासून मिळाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

निवड चाचणी कडक होती. येणाऱ्या प्रत्येकाला गद्य आणि पद्य दोन्ही वाचून दाखवावे लागे. कोणाला नायक शोभेल, कोणाला खलनायक, याच्या नोंदी लोर्का कार्डांवर करून ठेवी. मानधन कोणालाच नाही. कार्यक्रमपत्रिकेवर नटांची नावे नाहीत. आज मुख्य भूमिका करणारा उद्या फळ्या वाहणार. मुलांचा पोशाख निळी डांगरी, मुलींचा निळा झगा, आणि छातीवर पथकाचे बोधचिन्ह : चाकाच्या मध्यभागी मुखवटा. हे चिन्ह बेन्हामिन पालेन्सिया या चित्रकाराने काढले. मंत्र्यांची मुलगी लाउरा आणि लोर्काची बहीण इसाबेल याही पथकात होत्या. मुलामुलींनी एकत्र गावोगाव हिंडणे त्या काळच्या स्पेनमध्ये साधी गोष्ट नव्हती. विरोधी वृत्तपत्रांनी पुढे त्याचेच भांडवल केले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. स्पेनचे अभिजात नाटक सतराव्या शतकात वाढले ते ‘कोर्राल’मध्ये, म्हणजे घरांच्या मधल्या उघड्या चौकात. पुढे उभे राहणारे प्रेक्षक गडबड करणारे, पसंत न पडल्यास शिट्ट्या मारणारे. लोपे दे वेगाने 1609च्या आपल्या नाट्यविषयक पद्यप्रबंधात उघड सांगितले आहे की, पैसे मोजणाऱ्या या लोकांच्या रुचीसाठी तो लिहितो. पण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या नाटकांच्या नव्या बांधण्या होऊ लागल्या. शास्त्रात बसेना म्हणून प्रवेश हलवायचे, पात्रे गाळायची, नवे पद्य घालायचे. लोपेच्या नावावर चालत आलेल्या ‘सेव्हिलची तारका’चे त्रिगेरोस या लेखकाने असेच नवे नाटक करून टाकले आणि ते ‘सांचो ओर्तिस दे लास रोएलास’ या नावाने चालले. विसाव्या शतकात माद्रिदच्या व्यावसायिक कंपन्या अभिजात नाटक करत, तेव्हा भर असे तो मोठ्या नटाच्या पल्लेदार पठणावर. खेड्यांत तर हे नाटक पोचतच नव्हते. म्हणजे ज्या लोकांसाठी ते लिहिले गेले, त्यांच्याच वारसांना ते बघायला मिळत नव्हते.

पथकाने सुरुवात सर्व्हान्तेसपासून केली. त्याची आठ ‘एन्त्रेमेस’, म्हणजे दोन अंकांमध्ये करायची छोटी प्रहसने, 1615 मध्ये छापली गेली. पुस्तकाच्या नावातच ती कधीही रंगमंचावर आली नसल्याचे म्हटले होते. नाटक कंपन्यांनी न घेतलेले हे लेखन पथकाने निवडले. 10 जुलै 1932 रोजी सोरिया प्रांतातल्या एल बुर्गो दे ओस्मा या गावात पहिला प्रयोग झाला. त्यात ‘सालामांकाची गुहा’ आणि ‘दक्ष पहारेकरी’ ही दोन प्रहसने होती आणि सर्व्हान्तेसच्या नावावर सांगितले जाणारे ‘दोन बडबडे’ हे तिसरे. हे तिसरे लोर्काने पूर्वी हाताळले होते. 6 जानेवारी 1923 रोजी ग्रानादातल्या आपल्या घरी त्याने मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ केला होता, संगीताची बाजू मानुएल दे फायाने सांभाळली होती, आणि त्या खेळात ‘दोन बडबडे’ होते. बाहुल्यांच्या हालचालीतला नेमकेपणा त्याने पुढे विद्यार्थी नटांकडून मागितला, असे मला वाटते. तालमीत तो पियानोवर बसून लय सांगायचा. पद्य गाऊन म्हणायचे नाही, अर्थ धरून बोलायचे, पण लय सुटू द्यायची नाही, असा त्याचा आग्रह असे.

प्रहसनांना गावाने दाद दिली. कस लागला तो काल्देरोनच्या वेळी. ‘जीवन हे स्वप्न’ या नावाचे त्याचे प्रसिद्ध नाटक आहे, आणि त्याच नावाचे एक धार्मिक रूपकनाट्य आहे. पथकाने हे दुसरे घेतले. यात पात्रे म्हणजे मनुष्य, सत्ता, प्रज्ञा, प्रेम, चार महाभूते आणि सावली. सावलीचे काम लोर्का स्वतः करायचा, काळ्या पायघोळ वेषात आणि काळ्या ओढणीआड. नेपथ्य आणि वेषभूषा पालेन्सियाची. धर्माला सरकारपासून वेगळे काढणाऱ्या प्रजासत्ताकाच्या पैशाने विद्यार्थी ख्रिस्ती धर्माचे नाटक करत होते, आणि त्यामुळे दोन्ही बाजू गोंधळल्या. सोरियाजवळ सान हुआन दे दुएरो या जुन्या मठाच्या अवशेषांत प्रयोग होता. तिथे प्रजासत्ताकाच्या विरोधकांनी आरडाओरडा केला आणि प्रयोग बंद पाडला. अवघा पहिला दौरा, आणि पथकाला हे बघावे लागले.

त्याच दौऱ्यात आल्मासान गावच्या चौकात मात्र वेगळेच घडले. काल्देरोनचा प्रयोग चालू असताना पाऊस आला. नट थांबले नाहीत आणि गावकरीही उठले नाहीत. भिजत, डोक्यावर मिळेल ते पांघरून त्यांनी नाटक बघितले. त्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती, आणि समोर चालले होते ते सतराव्या शतकातले, ईश्वरशास्त्राने भरलेले, अवघड पद्य. ‘लोकांना समजेल असे सोपे करून द्या’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी आल्मासानचे उदाहरण देतो. पथकाने काल्देरोन सोपा केला नव्हता. त्याने तो स्पष्ट उच्चारला, रंग आणि प्रकाश यांतून दिसेल असा केला, आणि प्रयोगाआधी लोर्का चार वाक्यांत काय बघायला मिळणार ते सांगून मोकळा झाला. बाकीचे नाटकाने केले.

दौरे सुट्टीत होत. फळ्यांचा मंच, पडदे, पेट्या ट्रकमध्ये भरायच्या, चौकात विद्यार्थ्यांनीच ठोकाठोक करून मंच उभारायचा, रात्री प्रयोग, मग सगळे उतरवून पुढचे गाव. खेड्यातल्या प्रयोगाला तिकीट नसे. गोन्सालो मेनेन्देस-पिदाल यांनी या दिवसांचे थोडे चित्रीकरण केले. आज या पथकाची हलती चित्रे बघायला मिळतात ती त्यांच्यामुळेच. सरकारच्या ‘अध्यापन मोहिमां’चेही एक फिरते नाटक होते, आलेहांद्रो कासोना या नाटककाराच्या हाताखालचे. पण ते मोहिमेचा भाग होते. ला बाराकाचा कारभार विद्यार्थ्यांच्या हातात होता आणि त्याचे प्रयोगही जास्त धीट होते.

त्यांतला सर्वांत धीट प्रयोग मे 1933 मध्ये व्हॅलेन्सियात झाला : लोपे दे वेगाचे ‘फुएन्तेओवेहुना’. कोर्दोबाकडचे हे खेडे. 1476 मध्ये गावकऱ्यांनी तिथल्या जुलमी कमांडरला, फर्नान गोमेसला, ठार मारले. चौकशीसाठी न्यायाधीश आला, लहानमोठ्यांचे हाल केले, पण मारले कोणी असे विचारल्यावर प्रत्येकाने गावाचेच नाव सांगितले. 1619 मध्ये छापलेल्या लोपेच्या नाटकात या कथेला एक दुसरा पदर आहे. कमांडर कॅथलिक राजा-राणीच्या विरोधातल्या पक्षाचा असतो, सिउदाद रेआल शहरावर चढाई घडवून आणतो, आणि शेवटी फर्नांदो-इसाबेल हे राजदांपत्य गावाला माफ करून आपल्या छत्राखाली घेते. म्हणजे लोपेच्या हिशेबात गावाचा उठाव राजसत्तेपर्यंत पोचून शांत होतो.

लोर्काने राजा-राणी काढून टाकले. सिउदाद रेआलचा पदरही गाळला. उरले ते गाव, कमांडर, लाउरेन्सिया या गावातल्या तरुणीवरचा अत्याचार, गावकऱ्यांचा उठाव आणि चौकशी. वेषभूषा पंधराव्या शतकाची नव्हती. शिल्पकार आल्बेर्तो सांचेसने नेपथ्य केले आणि गावकऱ्यांना 1930च्या दशकातल्या स्पेनच्या शेतकऱ्यांचे कपडे दिले. कमांडर त्या काळचा जमीनदार दिसत होता. लग्नाच्या प्रवेशात लोर्काने खरी लोकगीते आणि नाच घातले, स्वतः गोळा केलेल्या आणि बसवलेल्या चालींवर. त्या वेळी जमीनसुधारणेचा कायदा होऊन वर्षही झाले नव्हते आणि दक्षिणेत कसेल त्याला जमीन मिळायची वाट बघणारे शेतमजूर अस्वस्थ होते. प्रेक्षकांना वेगळे काही सांगायची गरज नव्हती.

या काटछाटीवर अभ्यासक अजून वाद घालतात. एक बाजू म्हणते, राजा-राणी काढल्याने लोपेचे नाटक अर्धे झाले, कारण न्याय शेवटी मुकुटाकडून येतो हा त्याचा विचार होता. हा आक्षेप खरा आहे आणि तो मोडून काढता येत नाही. तरीही पथकाने जे केले ते मला योग्य वाटते, आणि त्याचे कारण कापण्याच्या पद्धतीत आहे. त्रिगेरोससारख्यांनी कापले आणि रिकाम्या जागी स्वतःचे लिहून ते जुन्या लेखकाच्या नावावर खपवले. लोर्काने कापले, पण लोपेच्या राहिलेल्या ओळींत आपल्या ओळी मिसळल्या नाहीत. तो स्पेनच्या सर्वांत मोठ्या कवींपैकी एक होता. लोपेच्या छंदात चार ओळी रचणे त्याला काहीच अवघड नव्हते. तो मोह त्याने टाळला. गावकऱ्यांनी ऐकले ते शब्द लोपेचे होते, आणि काय गाळले आहे ते संहिता शेजारी ठेवून कोणीही तपासू शकत होते.

हीच भूमिका त्याने पुढे स्वतःच्या शब्दांत मांडली. ऑक्टोबर 1933 मध्ये तो अर्जेन्टिनाला गेला आणि काही महिने तिकडेच राहिला. मार्च 1934 मध्ये ब्वेनोस आयरेसला एवा फ्रांको या अभिनेत्रीने लोपेची ‘वेडी पोर’ केली, ‘ला निन्या बोबा’ या नावाने. रंगावृत्ती लोर्काची होती आणि प्रयोग तुफान चालला. त्या निमित्ताने त्याने सांगितले की, त्याने नाटकाची नवी बांधणी केलेली नाही, फक्त कात्री लावली आहे, आणि या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. व्यावसायिक रंगमंचावर त्याला एवढ्या खात्रीने बोलता आले, कारण आधीच्या दोन उन्हाळ्यांत गावोगावच्या चौकांत त्याने हे करून पाहिले होते.

मधल्या काळात माद्रिदमध्ये वारे फिरले होते. नोव्हेंबर 1933च्या निवडणुकीत उजवे पक्ष जिंकले. ‘ग्रासिया इ हुस्तिसिया’ हे साप्ताहिक आधीपासूनच पथकावर आणि लोर्काच्या खासगी आयुष्यावर गलिच्छ मजकूर छापत होते. 1934 मध्ये अनुदान निम्म्यावर आणले गेले. पथक थांबले नाही. ऑगस्ट 1934 मध्ये सान्तान्देरच्या उन्हाळी आंतरराष्ट्रीय विद्यापीठात त्यांनी तिर्सो दे मोलिनाच्या नावावरचे ‘सेव्हिलचा ठकसेन’ केले. डॉन हुआन हे पात्र रंगमंचावर आले ते याच नाटकातून. 1935 हे लोपेच्या मृत्यूचे तीनशेवे वर्ष. त्या निमित्ताने सान्तान्देरलाच ‘ओल्मेदोचा सरदार’ झाले. त्याचे नेपथ्य होसे काबाय्येरो या तरुण चित्रकाराचे. सर्व्हान्तेसचे ‘चमत्कारांचा देखावा’ हेही याच काळात त्यांच्याकडे होते. खोट्या जातिशुद्धतेची खिल्ली उडवणारे ते प्रहसन 1930च्या युरोपात करणे यातली समज कोणालाही कळावी. आन्तोनियो माचादोच्या एका दीर्घ कथाकाव्याचे रंगमंचीय वाचनही ते करत.

1933 पासून पथकाचा सचिव होता राफाएल रोद्रिगेस रापून, अभियांत्रिकीचा विद्यार्थी. हिशेब, गाड्या, परवानग्या सगळे त्याच्या अंगावर. अनुदान आटल्यावर दौरे निघाले ते त्याच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे. लोर्का हळूहळू स्वतःच्या नाटकांत गुंतत गेला. ‘येर्मा’ डिसेंबर 1934 मध्ये रंगमंचावर आले, आणि पुढे पथकाचे काम त्याने बऱ्याच अंशी इतरांवर सोडले. 1936च्या वसंतात पथकाने बार्सेलोनात प्रयोग केले.

जुलैमध्ये लष्करी उठाव झाला आणि यादवी युद्ध पेटले. ऑगस्ट 1936 मध्ये बंडखोरांनी लोर्काला ग्रानादाजवळ गोळ्या घालून मारले. सप्टेंबरमध्ये माद्रिदमध्ये आल्फोन्सो पोन्से दे लेओन मारला गेला. हा चित्रकार पथकाच्या पहिल्या दौऱ्यापासून नेपथ्यात होता, पण तो फालांखे या उजव्या पक्षाचा होता, आणि त्याला मारले ते प्रजासत्ताकाच्या बाजूच्या लोकांनी. रापून प्रजासत्ताकाच्या तोफखान्यात अधिकारी झाला आणि ऑगस्ट 1937 मध्ये उत्तरेच्या आघाडीवर जखमी होऊन गेला. चार वर्षांपूर्वी हे तिघे एकाच पथकासाठी राबत होते. युद्धकाळात कवी मानुएल आल्तोलागिरेकडे काही काळ पथकाची सूत्रे आली, पण जुने ला बाराका तेव्हा उरले नव्हते.

युद्ध जिंकलेल्या बंडखोरांचा नेता फ्रांको याच्या राजवटीत हे नाव उच्चारणे जड होते. तरी त्यांनी शिकलेले टिकले. पथकातला नट मोदेस्तो इगेरास 1940च्या दशकात माद्रिदच्या ‘स्पॅनिश विद्यापीठ नाट्य’ या नव्या सरकारमान्य विद्यार्थी संस्थेचा दिग्दर्शक झाला आणि चौकात शिकलेली प्रयोगाची पद्धत त्याच्याबरोबर तिथे गेली. 1976 मध्ये, फ्रांकोच्या मृत्यूनंतर लगेच, पथकातले लुइस साएन्स दे ला काल्सादा यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक काढले. नटांची नावे, दौरे, मंचाची रचना, वेष, गाणी हे सगळे त्यांनी जमेल तितके नोंदवले, आणि आजच्या बहुतेक संशोधनाला आधार आहे तो त्याचाच. 1984 मध्ये सुझॅन बर्ड या अमेरिकन अभ्यासिकेने लोर्काची ‘फुएन्तेओवेहुना’ची रंगावृत्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर वाद ऐकीव माहितीवर न राहता ओळींवर होऊ लागला. 1986 मध्ये स्पेनने अभिजात नाटकासाठी राष्ट्रीय नाट्यसंस्था काढली, आदोल्फो मार्सियाक यांच्या दिग्दर्शनाखाली. लोर्काच्या पथकानंतर पन्नास वर्षांनी सरकारने ते काम कायमच्या संस्थेकडे दिले.

या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान माणसांचे. दुसरे नुकसान कागदांचे. डझनभर नाटके या पथकाने केली. त्यांतल्या मोजक्यांच्याच बाबतीत नेमके काय गाळले आणि काय ठेवले हे ओळीनिशी सांगता येते. बाकीचे आठवणी, छायाचित्रे आणि वृत्तपत्रांतील बातम्या यांतून जुळवावे लागते. आपल्याकडेही महाविद्यालयीन संघ आणि हौशी संस्था जुन्या नाटकांच्या रंगावृत्त्या दरवर्षी करतात. स्पर्धा झाली की खाडाखोड केलेली संहिता कुठेतरी पडून राहते आणि मग रद्दीत जाते. या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती आहे : तुमच्या हातून जी रंगावृत्ती झाली असेल, तिची पेन्सिलच्या खुणांसकट एक प्रत आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या, आणि तिच्यावर वर्ष, प्रयोगाचे गाव आणि संहिता कापणाऱ्याचे नाव लिहा.